इंटरमिजिएटला गर्दी, एटीडीला सामसूम: कलेचं व्यवसायशिक्षण घेतंय तरी कोण?

खडूफळा

शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे आपल्या बोलीत एलिमेंटरी-इंटरमिजिएट. दरवर्षी राज्यभरातून काही लाख पोरं बसतात. आमच्या तालुक्याच्या केंद्रावर बाक पुरत नाहीत, स्थिरचित्राच्या पेपरला प्रयोगशाळेतली स्टुलं ओढून आणावी लागतात. आणि तिथून तासाभरावर असलेल्या एका कला महाविद्यालयात एटीडीच्या पहिल्या वर्षाला यंदा इतके कमी प्रवेश झाले, की वर्ग चालवायचा की गुंडाळायचा यावर संस्थाचालकांची बैठक बसली. कॉलेजचं नाव विचारू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एटीडी म्हणजे कला शिक्षक पदविका, दोन वर्षांची. पूर्वी वाट सरळ होती. इंटरमिजिएट पास व्हायचं, एटीडी करायचं, शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून चिकटायचं, जमलं तर पुढे ए.एम. (आर्ट मास्टर) करायचं. माझ्या पिढीतले बरेच जण असेच लागले. आता पहिल्या पायरीवर जत्रा आणि दुसऱ्या पायरीवर कुत्रं नाही.

चित्रकलेपुरतंच बोलायचं नाहीये. नाटक, गाणं, खेळ, डोंगर, समुद्र, मूर्तिकाम, ज्याला सरकारी कागदावर कला आणि मनोरंजन क्षेत्र म्हणतात त्यात शिकायला नाव कोण घालतं, आणि का? तुमच्या तुमच्या क्षेत्रातलं लिहा. "हल्लीच्या पिढीला कलेची आवड नाही" हे लिहायला येणार असाल तर राहू द्या. आवड भरपूर आहे, मी रोज बघतो.

सातारी_आई

सर, स्पष्ट लिहिते, राग मानू नका. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला ७ मार्क वाढीव, बीला ५, सीला ३. पाचशेत सात म्हणजे जवळजवळ दीड टक्का. अकरावीच्या चांगल्या कॉलेजच्या कटऑफला अर्ध्या टक्क्यावरून पोरं बाहेर राहतात. माझी मुलगी नववीत आहे. तिला चित्रं काढायला आवडतात, पण नसती आवडली तरी मी तिला बसवलंच असतं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या आया हेच करतात.

गिरगावची_चाळ

+१. शास्त्रीय गाणं, नाच, वाद्यं आणि लोककला यांनाही दहावीला वाढीव गुण आहेत. आमच्या मजल्यावर तीन मुली कथकला जायच्या. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा एकापाठोपाठ एक, वेळापत्रक आखून दिल्या. दहावीचा निकाल लागला आणि घुंगरू माळ्यावर. त्यांच्या गुरू बिचाऱ्या आता नवीन सातवी-आठवीच्या मुलींवर क्लास चालवतात. विशारदपर्यंत पोचणारी एखादीच.

खडूफळा

सातारी_आई, राग कसला? तुम्ही लिहिलंत ते केंद्रावर बसलेल्या निम्म्या पालकांच्या मनातलं आहे. पण मार्कांसाठी आलेल्या त्या गर्दीतच अशी पोरं सापडतात ज्यांच्या हातात रेघ असते. मार्क नसते तर घरच्यांनी त्यांना केंद्रापर्यंत पाठवलंच नसतं. म्हणून मार्क बंद करा म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी कधी गेलो नाही. माझा प्रश्न पुढचा आहे: ती रेघवाली पोरं दहावीनंतर जातात कुठे?

जेजेकर_९२

खडूफळा सर, एटीडी ओस पडण्याचं कारण वर्गात शोधू नका, भरतीत शोधा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं परिशिष्ट उघडून बघा. सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असं तिथे लिहिलंय. शंभराच्या आत पट असेल तर कायदा कलेच्या माणसाचं नावही काढत नाही. आता आपल्याकडच्या खेड्यातल्या किती शाळांत सहावी-सातवी-आठवी मिळून शंभर मुलं आहेत? निवृत्त झालेल्या ड्रॉइंग मास्तरची जागा भरलीच गेली नाही, तास मराठीच्या किंवा इतिहासाच्या बाईंकडे गेला, आणि पोरांनी हे डोळ्यांनी पाहिलं. दोन वर्षं घालवून तासिकेवर राबायला कोण येईल?

थोडं मागचंही सांगतो. आमचं जेजे, म्हणजे मुंबईचं सर जे. जे. कला महाविद्यालय, १८५७ चं, जमशेटजी जीजीभॉय यांनी दिलेल्या एक लाख रुपयांतून उभं राहिलेलं. सुरुवातीचा हेतू "कलाकार घडवणे" वगैरे नव्हताच मुळी. कारागीर घडवायचे होते. लॉकवुड किपलिंग शिकवायचे त्या काळात शिल्प, कुंभारकाम, धातुकाम असली कार्यशाळेतली कामं जोरात होती, आणि तिथल्या हातांनी मुंबईच्या इमारतींवरचं कोरीवकाम केलं. फाइन आर्ट मोठी आणि हातकाम धाकटं, ही उतरंड नंतरची. पुढे १९३० च्या दशकात कमर्शियल आर्टचा वर्ग निघाला, त्याचंच अप्लाइड, म्हणजे उपयोजित कला, झालं. माझ्या बॅचला पेंटिंगवाल्यांच्या घरी "पुढे काय?" हा रोजचा प्रश्न असायचा, अप्लाइडवाल्यांना कुणी विचारत नसे. फोर्टात जाहिरातीच्या एजन्स्या होत्या, जाऊन चिकटायचे. आता जेजे अभिमत विद्यापीठ झालंय, २०२३ पासून. तिथे जागेसाठी आजही मारामारी आहे. तेव्हा कलेच्या शिक्षणाला सरसकट उतरती कळा लागली असं नाही. ज्या दाराच्या पलीकडे काहीतरी दिसतं तिथे रांग आहे.

डिमरवाला

आमच्यात नाव घालायला रजिस्टरच नाही हो.

व्यावसायिक नाटकाच्या बॅकस्टेजला आहे, लाइट्सवर. नाटकाच्या गाडीबरोबर जायचं, सेट उतरवायचा, चढवायचा. मग केबल टाकायला मिळतात. मग स्पॉट लावायला शिडीवर. लाइटच्या बोर्डला हात लावायला मिळेपर्यंत सगळे प्रवेश तोंडपाठ झालेले असतात. पैसे नाइटवर, म्हणजे प्रयोगामागे. नाइट नाही तर पैसे नाहीत, लॉकडाउनमध्ये काय हाल झाले ते सगळ्यांनी वाचलंय.

कोर्स आहेत, नाही असं नाही. मुंबई विद्यापीठात ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, पुण्याला ललित कला केंद्र आहे, दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय (एनएसडी). तिथून आलेली पोरं हुशार असतात, प्रकाशयोजना कागदावर मांडतात. पण ती डिझायनर होतात. शिडीवर चढणारा माणूस कुठल्याच कॉलेजातून येत नाही.

२०१५ साली कौशल्य विकास योजना निघाली. त्यात आधीपासून काम येत असेल तर चाचणी घेऊन प्रमाणपत्र द्यायची सोय आहे, आरपीएल म्हणतात. एकाने आग्रहाने माझं नाव घातलं. चाचणी झाली, प्रमाणपत्र घरी आलं. आजवर एकाही निर्मात्याने ते मागितलेलं नाही.

पण वायरमनचं लायसन मागतात! मोठ्या इव्हेंटला, मैदानावर, जनरेटर असेल, लोड जास्त असेल तर आयोजक पहिलं तेच विचारतो. म्हणून पुतण्याला सांगितलं, लाइट्स करायचे ना, मग आधी आयटीआयला वायरमन नाहीतर इलेक्ट्रिशियन कर. तो तेच करतोय. आता सांगा, तो कुठल्या क्षेत्रात मोजला जाणार?

आकडेमोड

डिमरवाला, शेवटचा प्रश्न जबरी. मोजणीत तुमचा पुतण्या वीज क्षेत्रात जाणार. कपडेपट सांभाळणारा शिवणकामात, नेपथ्य ठोकणारा सुतारकामात, रंगभूषा करणारी ब्यूटी पार्लरच्या कोर्सात. कला आणि मनोरंजनाच्या रकान्यात मग उरतात फक्त ज्यांच्या कोर्सच्या नावातच कला आहे ते. आणि ते थोडे दिसले की आपण गळा काढतो.

अजून एक. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक आकडा आहे: १९ ते २४ वयातल्या कामकरी लोकांपैकी औपचारिक व्यवसायशिक्षण घेतलेले भारतात पाच टक्क्यांहून कमी, अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. बाराव्या पंचवार्षिक योजनेतला अंदाज आहे तो. भाषणात हा आकडा सगळे फेकतात. "औपचारिक" हा शब्द मात्र गाळतात. श्रमशक्ती पाहणीत वारशाने शिकलेले, काम करता करता शिकलेले, स्वतःहून शिकलेले असे वेगळे रकाने असतात. आपल्याकडचा ढोलकीवाला, नेपथ्यवाला, मूर्तिकार सगळे त्या रकान्यांत.

त्यामुळे खडूफळा सर, माझं मत असं की प्रवेशसंख्या हा कलेच्या तब्येतीचा आकडा नाहीच. कुणीतरी दारात उभं राहून कागद मागतं का, एवढंच त्यातून कळतं.

पेणकरीण

मूर्तिकाराचं नाव काढलंत म्हणून लिहिते. माझं सासर पेणचं, घरचा गणपतीचा कारखाना.

पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, अठरा व्यवसाय आहेत, त्यात मूर्तिकार, कुंभार, बाहुल्या-खेळणी करणारे असे आहेत. आधी पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, हवं तर पुढे पंधरा दिवसांचं. दिवसाला ५०० रुपये भत्ता. अवजारांसाठी १५,००० पर्यंत. मग ५ टक्क्यांनी कर्ज, आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाख.

आमच्या आळीत बऱ्याच जणांनी नाव घातलं. पाच दिवसांत डोळ्यांची आखणी शिकता येते असं कुणालाच वाटलं नव्हतं, आखणीला हात बसायला वर्षं जातात. लोक गेले ते कर्जासाठी. शाडू, काथ्या, रंग हे सगळं हंगामाच्या आधी घ्यावं लागतं आणि पैसे येतात ते गणपतीच्या तोंडावर. मधल्या काळात व्यापाऱ्याकडून उचल घेतली की भाव तोच ठरवतो. ५ टक्क्यांचे लाख रुपये हातात असले तर माल कुणाला द्यायचा हे आपण ठरवू शकतो. मग भले प्रशिक्षणार्थी म्हणून आमची नावं सरकारच्या आकड्यात जाईनात का.

फक्त एका कुटुंबातून एकालाच घेतात. आमच्याकडे नाव लागलं सासऱ्यांचं. आखणी करते मी.

गिरगावची_चाळ

शेवटची ओळ 🙏

कातळकडा

डोंगरातलं सांगतो. इथे उलटी गंमत आहे.

गिर्यारोहणाच्या सरकारी संस्था जुन्या: दार्जिलिंगची एचएमआय १९५४ ची, उत्तरकाशीची निम १९६५ ची, मनालीचीही आहे. बेसिक कोर्स साधारण चार आठवड्यांचा. त्यात ए ग्रेड मिळाली तरच ॲडव्हान्स, तिथेही ए मिळवली तर एमओआय, म्हणजे शिकवायला शिकायचा कोर्स. बऱ्याच मोसमांच्या जागा कितीतरी आधी भरलेल्या असतात. महाराष्ट्रातली पोरं त्यात भरपूर.

पूर्वी सह्याद्रीत क्लबातला सीनियर दोर बांधायला शिकवायचा, आणि त्याने मान हलवली की तुम्ही लीडर. नंतर व्यावसायिक ट्रेक वाढले, अपघात झाले, आणि २०२१ मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं. आयोजकाची नोंदणी, प्रशिक्षित माणसं, प्रथमोपचार वगैरे. तेव्हापासून कंपन्या लीडर घेताना विचारतात, बेसिक झालंय का, फर्स्ट एडचं सर्टिफिकेट आहे का. लगेच नावं घालणाऱ्यांची झुंबड. आकडेमोड म्हणतात ते इथे तंतोतंत लागू.

पण यात मारला कोण जातोय बघा. साम्रदची पोरं सांदण दरीत, पाचनईची पोरं हरिश्चंद्रगडावर लहानपणापासून फिरतात. पावसात पाणी कुठल्या बाजूने अचानक वाढतं हे पुण्याहून आलेल्या बेसिक-ए-ग्रेडवाल्याला माहीत नसतं, त्यांना असतं. त्यांच्याकडे कागद नाही. महिनाभर उत्तरकाशीला जायचं म्हणजे महिन्याची कमाई बुडणार, वर रेल्वेभाडं, बूट, गरम कपडे, वैद्यकीय दाखला. फॉर्म इंग्रजीत. परिणामी लीडर म्हणून पैसे घेतो शहरातला पोरगा, आणि गावातला पोरगा वाटाड्या म्हणून निम्म्याहून कमी पैशांत पुढे चालतो. अपघात झाला की दोर घेऊन खाली पहिला तोच उतरतो.

कागद मागणं चूक नाही. दरीत माणूस लटकलेला असताना ज्याला गाठी येत नाहीत असा लीडर मला नको आहे. पण कागद मागायचा तर तो मिळायची सोय गावाच्या जवळ, मराठीत, आणि भातलावणी सोडून इतर दिवसांत हवी.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. कातळकडा, समुद्रावर पण हेच.

आमच्याकडे करंझाळ्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, केंद्र सरकारची. बोट चालवणं, जीवरक्षक, जलक्रीडेचं काम असे लहान लहान कोर्स. इथे येणारे बहुतेक आधीच किनाऱ्यावर काम करणारे. सतत पर्यटक पाण्यात उतरवायचे तर परवाना, आणि परवान्याला प्रमाणपत्र. तुमच्या बाजूला मालवणाजवळ तारकर्लीला एमटीडीसीचं, म्हणजे राज्य पर्यटन महामंडळाचं, स्कूबाचं केंद्र आहे, तिथे स्थानिक मुलं डायव्हर झाली. मासेमारी करणाऱ्या घरातल्या पोराला पाणी शिकवावं लागत नाही. टाकीतल्या हवेचं गणित आणि पाहुण्याशी बोलणं तेवढं शिकवावं लागतं. कोर्स आपल्या किनाऱ्यावर असला की काय होतं त्याचं हे उदाहरण, डोंगरवाल्यांनी बघण्यासारखं.

चित्रकलेचं म्हणाल तर पणजीत आल्तिन्होला कला महाविद्यालय आहे, १९७२ पासून. कला अकादमीत संगीत आणि नाट्य शिकवतात. आमच्या काही हायस्कुलांत नाट्यकला हा विषय आहे, त्यामुळे नाटक शिकलेल्याला शाळेत काम मिळू शकतं. ते काम पक्कं की कंत्राटी हा वेगळा, आणि मोठा वादाचा विषय. पण "नाटक शिकून करणार काय" याला घरच्यांसमोर एक तरी उत्तर असतं.

खडूफळा

मांडवीकाठ, हे वाचून हेवा वाटला.

आकडेमोड, तुमच्याशी अर्धाच सहमत. कागद मागणारा दारात उभा असला की गर्दी होते हे मान्य. पण एटीडीच्या बाबतीत दारात उभा राहणारा माणूस सरकार स्वतः होतं. त्याने कागद मागणं सोडलं असं नाही, त्याने दारच भिंतीत बुजवलं. आणि त्याच वेळी इंटरमिजिएटच्या मार्कांची खिडकी उघडी ठेवली. परिणाम असा की शाळेत कलाशिक्षक नाही, पण परीक्षेला बसणारी मुलं आहेत. मग त्यांना घनभूमिती आणि अक्षरलेखन शिकवतं कोण? खासगी क्लास. एटीडी झालेली जी पोरं शाळेत लागली नाहीत तीच आता घरी क्लास घेतात. म्हणजे शिकवणारा तोच, शिकणारा तोच, फक्त फी पालकाच्या खिशातून. ज्याच्या खिशात नाही त्याचं पोर नुसतं स्टुलावर बसून येतं.

जेजेकर_९२

हे मात्र बरोबर पकडलंत. मुंबईत मी हे रोज बघतो. सप्टेंबर आला की क्लासच्या पाट्या.

सातारी_आई

चर्चा चालू आहे तोवर एक विचारू का? माझा भाचा बारावीला आहे, कॉमर्स. त्याला ॲनिमेशन करायचंय. एका खासगी इन्स्टिट्यूटवाल्यांनी काही लाख फी सांगितलीय, "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणतात, आणि आठवड्याच्या आत पैसे भरले तर सवलत. भाऊ कर्ज काढायला निघालाय. काय सांगू?

जेजेकर_९२

ताई, भावाला आठ दिवस थांबवा. सवलत पुढच्या आठवड्यातही असते, नेहमीच असते.

आधी त्यांना विचारा की शेवटी मिळणाऱ्या कागदावर सही कुणाची. विद्यापीठाची, राज्याच्या कौशल्य मंडळाची, की त्यांच्याच कंपनीची? मग गेल्या बॅचच्या पोरांचे रील मागा, म्हणजे त्यांनी केलेल्या कामाचे तुकडे. ॲनिमेशनमध्ये नोकरी रीलवर मिळते, प्रमाणपत्र बघायची वेळ फारशी येत नाही. आणि प्लेसमेंटमध्ये काम कसलं ते विचारा, कारण दिवसभर कडा कापत बसण्यालाही ॲनिमेशन स्टुडिओतली नोकरीच म्हणतात.

आयटीआयच्या यादीत मल्टिमीडिया ॲनिमेशन अँड स्पेशल इफेक्ट्स नावाचा ट्रेड आहे. सगळीकडे मिळत नाही, पण केंद्रीय प्रवेशाच्या पोर्टलवर जिल्हा टाकून बघा. फी खासगीच्या तुलनेत काहीच नाही. पुण्याची चित्रपट संस्था एफटीआयआय छोटे कोर्स घेते, ते करून आवड खरी आहे का ते कळेल. मुंबईत एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) आवारात २०२५ मध्ये आयआयसीटी नावाची नवी संस्था सुरू झालीय, याच क्षेत्रासाठी. तिची फी आणि अटी तिच्या संकेतस्थळावरच वाचा, दलालाच्या तोंडून नको.

आणि पोराला चित्र येतं का? हाताने?

सातारी_आई

येतं. वहीच्या मागच्या पानांवर सगळं तेच. इंटरमिजिएटला बी होती.

जेजेकर_९२

मग बीएफएच्या, म्हणजे कलेच्या पदवीच्या, सीईटीलाही बसवा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, वर एक सामान्यज्ञानाचा पेपर. अप्लाइडला लागला तर ॲनिमेशनचं दार तिथूनही उघडतं, आणि पदवी हातात राहते. नाही लागला तर आयटीआय आहेच. दोन्ही फॉर्म भरू दे, तारखा मात्र चुकवू नका.

डिमरवाला

आणि कर्ज काढायचंच असेल तर फीसाठी नको, कॉम्प्युटरसाठी काढा. सॉफ्टवेअर दमवतं साध्या मशीनला. ब्लेंडर नावाचं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, तोवर त्यावर हात बसवू दे.

कातळकडा

अवांतर होतंय पण मांडवीकाठ, तुमच्या त्या करंझाळ्याच्या संस्थेत जीवरक्षकाचा कोर्स कितीचा आणि बाहेरच्या राज्यातल्या मुलांना घेतात का? भंडारदऱ्याच्या जलाशयावर बोटी चालवणारी साम्रद-रतनवाडीकडची चारपाच पोरं आहेत, पोहायला एक नंबर. त्यांना पाठवायचा विचार आहे, खर्चाचं आम्ही क्लबवाले बघू.

मांडवीकाठ

राज्याची अट माझ्या तरी ऐकण्यात नाही. फी आणि पुढच्या बॅचची तारीख उद्या जाऊन विचारतो, मला पणजीला काम आहेच. पोरांची नावं नकोत इथे, वय आणि शिक्षण तेवढं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.